व्यवहार-विवेक : जुना ट्रॅक्टर घेताना

हळदीचा हंगाम सुरू झाला, की सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्याला दर फेरीचे भाडे बोचू लागते. सौद्यात घेतलेली पोती यार्डातून गोदामात आणि गोदामातून पुन्हा ट्रान्सपोर्टच्या गाडीपर्यंत न्यायची असतात. अंतर थोडे, पण फेऱ्या अनेक. नवा ट्रॅक्टर आवाक्याबाहेरचा, म्हणून एखादा वापरलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह घ्यावा, असा विचार घरात निघतो. धाकटे बंधू विचारतात, ‘‘किती एचपीचा आहे?’’ थोरले विचारतात, ‘‘कितीला देतो म्हणाला?’’ भरलेली ट्रॉली मागे असताना तो थांबेल का, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक हिशेब सोपा आहे. 45 ते 50 एचपीचा ट्रॅक्टर स्वतः सुमारे 2 टनांचा असतो. 50 किलोंची 100 पोती भरली, तर 5 टन माल झाला. त्यात लोखंडी ट्रॉलीचे दीड-दोन टन मिळवावेत. म्हणजे पुढे 2 टन आणि मागे जवळजवळ 7 टन! सपाट रस्त्यावर इंजिन हा भार निमूटपणे ओढते. परंतु नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते केवळ मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉलीला तर बहुधा नसतातच. वेग ताशी 20 किलोमीटरवरून 30 वर गेला, की थोपवावयाची गतिऊर्जा सव्वादोन पट होते. उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. एचपीचा आकडा बॉनेटवर ठळक रंगविलेला असतो. ब्रेकची अवस्था कोठेच लिहिलेली नसते.

म्हणून पाहणीची सुरुवात पायाखालून करावी. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असतात. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ती सोय असते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीने जोडलेलीच हवीत. जुन्या ट्रॅक्टरची ही खिटी पुष्कळदा तुटलेली वा हरवलेली आढळते. एकाच बाजूचा ब्रेक धरला, तर ट्रॅक्टर तिकडे ओढला जातो आणि मागचा भार त्याला आडवा करतो. अशा वेळी चालकाच्या हाती काहीच उरत नाही. तेलात बुडालेले ब्रेक असलेला ट्रॅक्टर मिळाला, तर थोडे अधिक मोजावेत. विक्रेत्याच्या अंगणातील रिकामी फेरी पुरेशी नाही. भरलेली ट्रॉली जोडून, मोकळ्या जागी, कमी वेगात ब्रेक पाहू देत नसेल, त्याच्याकडून उठून यावे.

नंतर हूक पाहावा. पिनेचे भोक लांबट झाले आहे का, ट्रॉलीच्या दांड्यावर नव्या रंगाखाली जुने वेल्डिंग आहे का, हे बोट फिरवूनही कळते. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे अधिक रचला, तर हूक वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. फार पुढे रचला, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. हे हमालांनाही समजावून सांगावयास हवे.

इंजिनाविषयी एवढेच, की ते थंड असताना सुरू करवून घ्यावे. सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडल्यावर इंजिन बंद पडावे. न पडले, तर क्लच घसरतो आहे.

कागदपत्रांत व्यापारी सावध असतो, तरी येथे हमखास एक चूक होते. ट्रॅक्टरचे पुस्तक हाती येते, ट्रॉलीचे येत नाही. कायद्याने ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. शिवाय शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर व्यापाराचा माल वाहिला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते, आणि जखमी माणसाची भरपाई पेढीवर येऊ शकते. व्यापारी वापराची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि तसा विमा यांची चौकशी बयाणा देण्यापूर्वीच आरटीओत करावी. मालकीबदलासाठी फॉर्म 29 व 30 लागतात. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी फॉर्म 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र. हा सारा खर्च, मागचे टायर झिजले असल्यास त्यांची किंमत आणि ब्रेकच्या दुरुस्तीचे पैसे कागदावर मांडून मगच भावाला बसावे. चार लाखांचा ट्रॅक्टर तेव्हा साडेचारांचा दिसू लागतो, आणि शेजारचा सव्वाचारांचा स्वस्त.