सायलेन्सरला पैसे आहेत, टायरला नाहीत! गावातल्या 'स्पोर्टी' गाडीचा खरा हिशेब

गाळप हंगाम सुरू झाला, उसाचं पहिलं बिल खात्यावर पडलं (वेळेवर पडलं तर) की गावागावांत जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. आता त्यात एक बदल दिसतोय. पूर्वी घरात चारचाकी घ्यायची म्हणजे माणसं जास्त बसणारी, माल टाकता येणारी गाडी बघायचे. आता पोरांना 'पिकअप' पाहिजे. टर्बो पेट्रोल इंजिन, मॅग व्हील, रुंद टायर. आणि गाडी हौसेला उभी करायची नाही, तर रोज तालुक्याला, एमआयडीसीत कामाला, दूध संघात, कॉलेजला न्यायची.

याला बाजाराचीही साथ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर जुन्या गाडीच्या सौद्यात घेणाऱ्याचा आवाज वाढला.

जुन्या बाजारात या पोरांची लाडकी गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी. आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणच्या कारखान्यात बनलेली. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस ताकद, मागाहून आलेल्या 1.0 लिटर मॉडेलला 110. 2022 मध्ये गाडी बंद झाली, तरी मागणी कमी झालेली नाही. गाडी चांगलीच आहे. प्रश्न येतो तो घेतल्यानंतर खिशात उरलेले पैसे कुठं जातात, इथं.

आधी आवाज, मग बाकीचं

बहुतेक गाड्यांची सुरुवात सायलेन्सरपासून होते. मग काचांना काळी फिल्म, लखलखीत एलईडी, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणं आणि शेवटी 'रिमॅप', म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. एवढं सगळं होतं आणि टायर मात्र आधीच्या मालकाने घासलेले तेच राहतात.

खाली बसवलेल्या गाडीची गंमत तर पहिल्याच गतिरोधकावर कळते. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25 किलोमीटरने गाडी आरामात पार व्हावी. आपल्याकडचे गतिरोधक कुणी आणि कशाने मोजून केलेत ते ग्रामपंचायतीलाच माहीत. पोलोची मूळ उंचीच 165 मिलिमीटर. ती आणखी खाली घेतली की चेंबर घासणार, आणि चेंबर फुटून ऑइल गेलं की इंजिनाचा निकाल.

रिमॅपचं गणित वेगळं. कंपनीने इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एका ताकदीला जुळवलेले असतात. सॉफ्टवेअरने ताकद वाढते, पण बाकीचं सामान जुनंच राहतं. 1.2 लिटरच्या पोलो जीटीच्या ऑटोमॅटिकला कोरडे क्लच असलेला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. तो नाजूक म्हणून आधीच ओळखला जातो, दुरुस्तीही महाग. लाखभर किलोमीटर फिरलेल्या अशा गाडीला रिमॅप मारणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवण्यासारखं आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि कलम 182 अ आलं. मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम 190 खाली पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जागेवर भरायचा तडजोडीचा दंड राज्य सरकार ठरवतं, तो कमी असू शकतो. म्हणून पोरं पावती फाडून पुढे जातात. पण कायदा तेवढ्यावर संपत नाही.

काळ्या काचेबद्दल 2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. नंबर प्लेटचं म्हणाल, तर 4141 चं 'दादा' आणि 8055 चं 'बॉस' करण्याचे दिवस एचएसआरपीने संपवले. ती प्लेट बसवायची मुदत सरकारला वारंवार वाढवावी लागली, हा भाग वेगळा.

बापाच्या नावावर गाडी, पोराच्या हातात स्टिअरिंग

खरा घोळ विम्यात आहे, आणि गावात याबद्दल कुणी बोलत नाही.

इंजिनात किंवा गाडीच्या बांधणीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. कळवला नाही, तर अपघातानंतर सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा तोच बदल क्लेम नाकारायचं किंवा कापायचं कारण होऊ शकतो. पाच-सहा लाखांची गाडी सायलेन्सर आणि रिमॅपपायी भंगारात निघाली, असं होऊ शकतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. विम्याबरोबर मालक-चालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. हा मालकाचा असतो. आरसी बुकवर ज्याचं नाव, त्याच्यासाठी. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो पोरगा. पोराचं बरंवाईट झालं तर या 15 लाखांवर घरच्यांना हक्क सांगता येत नाही. त्यासाठी पोराच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी लागते. गाडीच्या पॉलिसीत ती आपोआप येत नाही. किती घरांत हे माहीत आहे?

त्यात जुलै 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लक्षात घ्या. कर्नाटकातल्या एका प्रकरणात चालक भरधाव, बेदरकारपणे गाडी चालवत होता, गाडी उलटली आणि तो गेला. दुसऱ्या वाहनाचा संबंध नव्हता. घरच्यांनी विमा कंपनीकडे 80 लाखांची मागणी केली. स्वतःच्याच चुकीने झालेल्या मृत्यूची भरपाई वारसांना मागता येणार नाही, हा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

आणि समोरचा माणूस गेला तर? थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. विमा संपलेला असेल तर ती मालकाकडून वसूल होते, आणि कलम 174 प्रमाणे ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. म्हणजे प्रकरण थेट सातबाऱ्यापर्यंत येतं. चालकाकडे लायसन्स नसेल, तर कंपनी आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून काढून घेऊ शकते.

गाडी विकणाऱ्यानेही निवांत राहू नये. 'पैसे मिळाले, चावी दिली, कागद बघू नंतर' हा आपला शिरस्ता. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि जबाबदारीही त्याचीच, गाडी चार हातांतून फिरलेली असली तरी. घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहून गेला की गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकलाच म्हणून समजा.

रात्रीची ट्रॉली

देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. केंद्राच्या अहवालानुसार त्यातले सुमारे 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागातले आणि 71 टक्क्यांच्या मुळाशी जास्त वेग.

आपल्या रस्त्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरची रात्र, धुकं, कारखान्याचा रस्ता. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांना ना लाइट ना रिफ्लेक्टर. उसाचे शेंडे बाहेर लोंबलेले. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 22 मीटर गेले. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरने पुढे थांबायला साधारण 36 मीटर लागतात. एकूण 58. लो बीमवर अंधारातलं साधारण 40 ते 50 मीटर दिसतं. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. वेग 100 असेल तर हेच अंतर 84 मीटरवर जातं. टायर गुळगुळीत असतील, रस्त्यावर मळीचा किंवा चिखलाचा थर असेल, तर हिशेब करायचीच गरज नाही.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेणं हे कारखाना, आरटीओ आणि पोलिसांचं काम. दर हंगामाला मोहिमा निघतात, फोटो छापून येतात, पुढच्या आठवड्यात ट्रॉली पुन्हा काळीच. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण गाडीवाल्याच्या हातात जे आहे ते तो करतो का?

हातात असलेल्या गोष्टी कायद्यात बसणाऱ्या आहेत. कंपनीने सांगितलेल्याच साइजचे, पण चांगल्या ग्रिपचे चार टायर. चांगले ब्रेक पॅड आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं. जुने झालेले शॉकअब्सॉर्बर कंपनीचेच नवे टाकले, तर दहा वर्षांची गाडीही वळणावर बसकी आणि खात्रीची वाटते. पिवळी पडलेली हेडलाइट काच पॉलिश करून फोकस बरोबर लावून घेतला, तर महागड्या एलईडीची गरज उरत नाही. साध्या बल्बच्या हेडलाइटमध्ये कोंबलेल्या एलईडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि तो समोरचा दुचाकीवर असतो.

टाकीत आपलाच ऊस

रोज चालवायच्या गाडीत पेट्रोल कळीचं. 1250 किलोमीटर महिन्याचे, लिटरला 14 चं ॲव्हरेज आणि 105 रुपये दर धरला, तर महिन्याला साधारण 9,400 रुपये होतात. पाय जड असेल तर अकरा-बारा हजार.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं ई-20 पेट्रोल आहे. त्यातलं इथेनॉल आपल्याच उसातून निघालेलं असू शकतं, त्यामुळे या भागात त्याला नावं ठेवणं अवघड. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या मात्र ई-20 साठी बनवलेल्या नाहीत. अशा गाड्यांचं ॲव्हरेज 3 ते 6 टक्क्यांनी घटू शकतं आणि 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं. जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याने सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे पाइप मेकॅनिककडून आठवणीने बघून घ्यावेत. गाडी महिनामहिना उभी ठेवू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आणि सौद्याला जाताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिकावं. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर तेवढंच जुनं आहे. चार नव्या टायरची किंमत तिथंच, चहा यायच्या आत, गाडीच्या भावातून कापून मागायची.