गंधकाची गोणी कोणी महाग केली?

विदर्भ-मराठवाड्यात ऐन श्रावणात सोयाबीनचे शेंडे पिवळे पडू लागले की शेतकरी युरियाची आणखी एक गोणी फेकतो आणि तज्ज्ञ मंडळी त्याच्या अज्ञानाबद्दल हळहळतात. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात. गंधक कमी पडले तर नवी, शेंड्याकडची. कारण गंधक एकदा जुन्या पानात मुरले की तेथून सहसा हलत नाही. लोहाच्या उणिवेनेही शेंडाच पिवळा पडतो, म्हणून मातीची तपासणी केल्यावाचून निदान पक्के होत नाही, हे खरे. परंतु शेतकऱ्याला हे कळत नाही म्हणून जमीन निःसत्त्व झाली, हे निदान मात्र साफ खोटे आहे. त्याने तेच टाकले, जे त्याला स्वस्त देण्यात आले.

भारतात गंधकाचा तुटवडा पूर्वी फारसा जाणवत नसे. शेणखतातून ते मिळे. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के आणि त्याबरोबर गंधक ११ टक्के, जणू फुकटच येई. १९५१ साली सिंद्रीच्या सार्वजनिक कारखान्यातून निघू लागलेले अमोनियम सल्फेट तर असे खत, की त्यात नत्रापेक्षा गंधकच काकणभर जास्त. पुढे ‘सकस’ खतांचे युग आले. युरियात नत्र ४६ टक्के, डीएपीत स्फुरद ४६ टक्के. गंधक दोहोंतही नाही. हेक्टरी ६० किलो स्फुरद डीएपीतून द्यायचे तर अडीच-पावणेतीन गोण्या पुरतात, सुपर फॉस्फेटच्या साडेसात लागतात. वाहतुकीचा हा हिशेब कारखानदाराला सोयीचा, दुकानदाराला सोयीचा आणि भाड्याची बैलगाडी करणाऱ्या शेतकऱ्यालाही वरवर सोयीचा. त्या साडेसात गोण्यांबरोबर जमिनीत जाणारे ४१ किलो गंधक मात्र कोणाच्याच खतावणीत नोंदले गेले नाही. तेलबियांना हेक्टरी २० ते ४० किलो गंधक लागते.

हा केवळ तंत्राचा प्रवास नव्हे, धोरणाचा आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. १९९१-९२ मध्ये नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, एकाच वर्षात ते ९.५ : ३.२ : १ वर गेले. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली आणि तिच्यात गंधकाचे नाव प्रथमच सन्मानाने घेतले गेले. सन्मान कितीचा? पहिल्या वर्षी नत्राला किलोमागे २३ रुपये २३ पैसे, गंधकाला १ रुपया ७८ पैसे. म्हणजे सुपर फॉस्फेटच्या एका गोणीतील गंधकापोटी दहा रुपयेसुद्धा नाहीत. आणि युरिया? तो या योजनेबाहेरच ठेवला गेला!

२०२३ साली गंधकाचे आवरण दिलेला ‘युरिया गोल्ड’ वाजतगाजत आला. साध्या युरियाची ४५ किलोची गोणी ज्या २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्याच किमतीला याची ४० किलोची गोणी. साध्या गोणीत २०.७ किलो नत्र, नव्या गोणीत १४.८ किलो नत्र आणि ६.८ किलो गंधक. आवरणामुळे नत्र सावकाश सुटते आणि कमी वाया जाते, असे सांगितले जाते. ते खरे असू शकेल. परंतु ज्या सोयाबीनला वरखताचा नत्र फारसा लागतच नाही, त्याच्या मालकाने गंधकासाठी पुन्हा युरियाच विकत घ्यावा, हे कोणते शहाणपण?

आता दुकानात गंधक मिळते ते वेगळ्याच वाटेने. हंगामाच्या तोंडावर डीएपी किंवा युरिया मागावा, तर दुकानदार त्याबरोबर दाणेदार गंधकाची पिशवी गळ्यात मारतो. या ‘लिंकिंग’ची तक्रार गावोगावी ऐकू येते. शिवाय मूलद्रव्यी गंधक पिकाला थेट उचलता येत नाही. जमिनीतील जिवाणूंनी त्याचे सल्फेट करावे लागते. त्याला ओल आणि तीन-चार आठवडे लागतात. पेरणीच्या आदल्या दिवशी लादलेली पिशवी त्या पिकाच्या कोवळ्या वयात कितपत उपयोगी पडणार?

येथे डाव्या चळवळीनेही आपल्या घोषणा तपासल्या पाहिजेत. ‘खत स्वस्त करा’ म्हणून मोर्चे निघाले. कोणते खत, कोणासाठी, हे विचारले गेले नाही. गोणीमागे दिले जाणारे अनुदान अर्थातच ज्याच्या गोण्या जास्त त्याला जास्त मिळते, म्हणजे पाटाच्या पाण्यावरील उसाला. कोरडवाहू सोयाबीन, भुईमूग, करडईच्या वाट्याला उरलेसुरले. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून आणणाऱ्या देशात तेलबियांच्या जमिनीची ही उपेक्षा चालली आहे.

२०१५ पासून वाटल्या गेलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकान्यांत गंधकाचा एक रकाना आहे. त्या रकान्यात ‘कमी’ असा शेरा असेल, तर कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी ठराविक सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम पेरणीपूर्वी, युरियाच्याच प्रमाणात सवलतीने, सहकारी सोसायटीतून मिळाले पाहिजे, ही मागणी येत्या खरिपाआधी प्रत्येक तालुका कचेरीवर नेता येईल. सोबत लिंकिंग करणाऱ्या दुकानांची यादी आणि त्यांना तसा माल घ्यायला लावणाऱ्या कंपन्यांचीही.