तिरडीपुढचे गाणे

मृतांच्या शांतीसाठी ख्रिस्ती देवळात जी उपासना होते तिला, तिच्या लॅटिन प्रार्थनेच्या पहिल्या शब्दावरून, ‘रेक्विएम’ म्हणतात. मोझार्टचे रेक्विएम १७९१ साली त्याच्या मृत्यूने अपुरे राहिले व शिष्य स्युसमायर याने ते पुरे केले. व्हर्डीचे १८७४ साली कादंबरीकार मान्झोनी याच्या पहिल्या पुण्यतिथीस मिलानच्या चर्चमध्ये गायिले गेले आणि तीनच दिवसांनी ला स्काला नाट्यगृहात पोचले. या दोहोंच्या उत्तमोत्तम ध्वनिमुद्रिका आज घरबसल्या ऐकावयास मिळतात. ही यंत्रविद्येची देणगीच होय. तिची निंदा करण्याइतके आम्ही अरसिक नाही.

परंतु या मुद्रिकांच्या निर्दोषपणावरून काही सुशिक्षित मंडळी जो सिद्धान्त काढतात, तो आम्हांस मुळीच मान्य नाही. ती म्हणतात, गावचे बेसूर भजन कशाला? अंत्ययात्रेस चांगल्या गायकाची मुद्रिका लावावी. शहरांत तर शववाहिनीवर मुद्रित धून वाजविण्याची रीत पडलीच आहे.

या मंडळींनी रोमकडेच पाहावे. तेथील सिस्टाइन गायकवृंदाचे गाणे ग्रामोफोन कंपनीने १९०२ सालीच तबकडीवर घेतले. त्याच वर्षी कलकत्त्यास गौहरजानचेही गाणे मुद्रित झाले. अर्थात त्या धर्मपीठाचे यंत्राशी वैर नव्हते. तरीही १९५८ च्या आज्ञापत्राने उपासनेत ग्रामोफोन व ध्वनिफीत यांचा वापर निषिद्ध ठरविला. गाणे शिकविण्यास मात्र मुभा ठेविली. ज्यांच्या घरी हे संगीत जन्मले, त्यांनीच यंत्राला उंबरठ्याबाहेर बसविले, याचे मर्म काय? प्रार्थना ही ऐकावयाची वस्तू नव्हे, ती करावयाची असते. यंत्राचा कंठ दाटून येत नाही. मृताचे नाव त्यास ठाऊक नसते.

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावी मोझार्टचा वाद्यवृंद येणार नाही, हे खरे. पण टाळ, मृदंग आणि दहा शेजारी यांस तेथे तोटा पडण्याचे कारण नाही. त्यांतील एखाद्याचा स्वर घसरला तर घसरो. मृताच्या बांधाला त्याचा बांध लागून होता आणि आपले काम टाकून तो आला आहे, यातच त्या गाण्याचे मोल आहे. मुद्रिका लागली की शेजारी येतो खरा, पण मुका येतो. आणि मुक्याने चालणाऱ्यांच्या पोरांना पुढे भजन येतच नाही.

मुद्रिका दिवाणखान्यात अवश्य ऐकावी, तिच्यावरून मुलांस चाल शिकवावी. तिरडीपुढे मात्र माणसांनीच गावे. आपल्या माणसाला पोचविण्यास आपण भाड्याचे खांदे आणीत नाही. मग गळाच तेवढा भाड्याचा का आणावा?