आय हॅव अ डाउट

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळचा नेहमीचा कॉल. तिकडे अमेरिकेत सकाळ, इकडे हिंजवडीत दिवेलागण. आमच्या टीममध्ये दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातून थेट आलेली एक मुलगी जरा चाचरतच म्हणाली, "आय हॅव अ डाउट इन द डिझाइन." डायग्राममधला एक बाण उलट्या दिशेला का, एवढंच तिला विचारायचं होतं. पलीकडचा म्हणाला, बघून सांगतो. कॉल संपला.

दहा मिनिटांत मेल आली. हल्ली मीटिंगचे मिनिट्स माणूस लिहीत नाही, एआय लिहितो. त्यात एक वाक्य होतं, की अमुक अमुक हिने डिझाइनबद्दल साशंकता व्यक्त केली. (होतं अर्थात इंग्रजीत.) मेल पंचवीस जणांना, त्यात क्लायंटचे दोन डायरेक्टर!

शेजारचे दोघं फिदीफिदी हसले. मला काही हसू आलं नाही. कारण हा पिक्चर मी आधी पाहिलाय, आणि त्यात माझं काम काही फारसं चांगलं झालेलं नाही.

त्याआधी थोडं या डाउटबद्दल. शाळेत आपले सर धडा संपला की विचारायचे, "काही शंका?" मग आपण हात वर करायचो. (शंकेचे लघु आणि दीर्घ असे आणखी दोन प्रकार आहेत, त्यासाठीही हात वरच करावा लागे. असो.) ही शंका म्हणजे काय? तर तुम्ही सांगितलं ते बरोबरच असणार, माझ्याच डोक्यात शिरलं नाही, जरा परत सांगता का. शंका विचारणारा स्वतःकडे कमीपणा घेतो. समोरच्यावर विश्वास नसेल तर त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, संशय. सरांवर संशय घेतला असता तर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं.

आता इंग्रजीत जाताना या दोन्ही शब्दांना एकाच दारातून जावं लागतं. १८५७ सालचा मोल्सवर्थचा कोश काढा नाहीतर आजचा कुठलाही खिशातला, शंकेपुढे 'डाउट' सापडेलच. त्यात चूकही नाही. फक्त आपण डाउट म्हणतो तेव्हा मनात शंका असते आणि ओहायोतल्या माणसाच्या कानात पडतो तो संशय. "आय हॅव अ डाउट इन युवर डिझाइन" म्हणजे त्याच्या लेखी 'तुझ्या डिझाइनवर माझा भरवसा नाही'. सगळ्यात नम्र वाक्य सगळ्यात उद्धट होऊन पोचतं.

तर तो जुना पिक्चर. बारा-तेरा वर्षं झाली असतील, कंपनी दुसरी होती. टीममध्ये सोलापूरची एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, डोकं लखलखीत. तिची सवय अशी, की काम हातात आलं की आधी पंधरा शंका. प्रत्येक शंका "सर, आय हॅव अ डाउट" अशी सुरू. एकदा क्लायंटच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन (म्हणजे वेगळा कॉल लावून) सांगितलं, की ही मुलगी माझ्या प्रत्येक निर्णयावर अविश्वास दाखवते, तिच्याशी बोल.

मला तेव्हाच कळलं होतं घोळ कुठे आहे ते. त्याला दोन मिनिटांत समजावता आलं असतं. पण क्लायंटला कोण शिकवणार? मी तिला बोलावून सांगितलं, "अगं, कॉलवर डाउट विचारत जाऊ नकोस." मला म्हणायचं होतं, 'डाउट' हा शब्द वापरू नकोस. तिने ऐकलं, शंका विचारू नकोस. आम्ही दोघंही मराठीत बोलत होतो, हे विशेष.

ती गप्प झाली. मला वाटलं, चला, सुधारली.

पुढच्या महिन्यात थकबाकीदार ग्राहकांना स्मरणपत्रं पाठवायचं काम आलं. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं होतं, 'बायवीकली'. या शब्दाचे कोशात दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही बरोबर मानलेले: आठवड्यातून दोनदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा. आपल्याकडे पंधरवडा म्हणून मोकळे होतात. इंग्रजांकडे 'फोर्टनाइट' आहे, पण अमेरिकेत तो शब्द फारसा कोणी वापरत नाही. अशा जागी कोणीही विचारायलाच हवं. तिलाही प्रश्न पडला होता, तिच्या वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं, ते मी नंतर पाहिलं. पण तिने विचारलं नाही. आठवड्यातून दोनदा असं धरून कोड लिहिला. पंधरवड्याला एक पत्र जायचं तिथे चार चार गेली, आणि ग्राहकांनी क्लायंटचं फोन सेंटर डोक्यावर घेतलं.

रूट कॉज मी लिहिलं. 'डेव्हलपरने रिक्वायरमेंट स्पष्ट करून घेतली नाही.' शब्दाशब्दाने खरं. त्या वर्षीचं तिचं अप्रेझल पडलं आणि सहा महिन्यांत तिने कंपनी सोडली.

हे मी मित्रांना सांगितलं की निम्मे म्हणतात, एवढं काय, नीट इंग्रजी बोलायला शिकवा मुलांना. पण 'नीट इंग्रजी' कोणाची? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी अमेरिकन सहकाऱ्यांना सांगितलं, की एक तातडीचा कागद आम्हाला 'टेबल' करायचाय. ब्रिटिशाच्या तोंडी टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकन त्याचा अर्थ घेतो बासनात गुंडाळून ठेवणं. त्यावरून बराच वेळ चांगलाच वाद रंगला, आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवंय. चर्चिलनेच हे आपल्या महायुद्धाच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. नंतर ब्रिटिशांना कोणी कम्युनिकेशन ट्रेनिंगला पाठवल्याचं मात्र ऐकिवात नाही. ते ट्रेनिंग आमच्या वाट्याला येतं. ॲक्सेंटपासून आडनावापर्यंत सगळं आम्ही गुळगुळीत करायचं, आणि पलीकडच्याने एकदा 'म्हणजे काय?' असंही विचारायचं नाही.

बरं, सगळेच शब्द असे घातकी नसतात. पुण्यात आलेल्या परदेशी पाहुण्याला मी एकदा म्हटलं, चल हॉटेलात जाऊ. तो म्हणाला, मी तर हॉटेलातूनच आलोय! पाच मिनिटांत मिसळ समोर आली आणि त्याला अर्थ कळला. डाउटच्या बाबतीत मिसळ कधी समोर येतच नाही. ऐकणाऱ्याला अर्थ लागलेला असतो, त्याला चूक झाल्याचं कळायचं काही कारणच नसतं. फक्त तो मनात नोंद करतो, की ही मुलगी आगाऊ आहे.

मी स्वतः क्लायंटशी बोलताना 'क्वेश्चन' म्हणतो, खोटं कशाला बोलू. पण क्वेश्चनमध्ये तो 'मलाच कळलं नाही'वाला सूर येत नाही, कोरडा शब्द आहे. आपापसात आम्ही डाउटच म्हणतो, आणि म्हणत राहू.

तर गुरुवारी त्या मेलला मी रिप्लाय-ऑल केलं. लिहिलं, की हिने साशंकता वगैरे काही व्यक्त केलेली नाही, समजून घेण्यासाठी एक प्रश्न विचारलाय, आमच्याकडे त्याला डाउट म्हणतात, आणि प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. पाठवल्यावर जरा धाकधूक होती.

डायरेक्टरांकडून काहीच आलं नाही. क्लायंटच्या मेक्सिको ऑफिसातल्या एकाचा मात्र चॅटवर मेसेज आला. म्हणाला, मला कॉलवरच कळलं होतं, आमच्या स्पॅनिशमध्येही प्रश्न विचारायचा असला की 'तेंगो उना दुदा', माझ्याकडे एक डाउट आहे, असंच म्हणतात.

शुक्रवारी नवीन डायग्राम आली. बाण खरंच उलटा होता.