लँकेस्टर घराण्याची ‘वडिलोपार्जित’ जमीन

इंग्लंडच्या उमराव घराण्यांचे गोडवे गाणारे बूर्ज्वा इतिहासकार एक गोष्ट गृहीत धरून चालतात : या घराण्यांच्या जमिनी ‘वडिलोपार्जित’ असून त्यांवरील हक्क काळानेच पवित्र केलेला आहे. वाडवडिलांनी त्या कशा मिळविल्या, हा प्रश्न मात्र शिष्टसंमत मानला जात नाही. तो विचारलाच पाहिजे. आणि त्यासाठी लँकेस्टर घराण्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राजाने इंग्लंडची जमीन आपल्या सरदारांत वाटली. १०८६ च्या डूम्सडे मोजणीत मोठ्या वतनावर टिकून राहिलेले जुने इंग्रज जमीनदार बोटांवर मोजण्याइतकेच आढळतात. लुटीच्या या वाटपाची पुढे वारंवार फेरवाटणी झाली. १२६५ मध्ये सायमन द माँटफर्ट ईव्हशॅमच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तिसऱ्या हेन्रीने त्याची जप्त जहागीर आपला धाकटा मुलगा एडमंड याला बहाल केली. पुढच्याच वर्षी डर्बीचा अर्ल रॉबर्ट द फेरर्स याच्या जमिनीही एडमंडच्या पदरात पडल्या. १२६९ मध्ये कैदेतील फेरर्सकडून, जमिनी सोडवून घेण्यासाठी ५०,००० पौंड भरण्याचा करार लिहून घेण्यात आला. एवढी रक्कम त्याला उभी करता येणार नाही, हे लिहून घेणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. गहाणखताचा हा कावा फक्त आपल्याकडच्या सावकारांनाच सुचला, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये! पुढे १३५९ च्या विवाहातून ही सारी दौलत जॉन ऑफ गाँट या राजपुत्राकडे गेली.

जप्ती, खंडणी आणि सोयरीक! या मालकांपैकी एकानेही नांगर धरला नाही. तो धरला भूदासांनी. आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर वेठ, मुलीच्या लग्नासाठी धन्याला पट्टी, आणि कर्ता पुरुष मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याच्या दारी. स्वातंत्र्याची सनद म्हणून मिरवल्या जाणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टाने अभय दिले ते ‘स्वतंत्र माणसा’ला, भूदास त्या व्याख्येत बसतच नव्हता.

या भूदासांना इतिहासकारांपेक्षा इतिहास अधिक कळत होता. १३८१ च्या उठावात त्यांनी गावोगावी जमीनदारांच्या कचेऱ्यांतील दप्तरे शोधून जाळली, कारण आपली गुलामी त्या कागदांवर लिहिलेली आहे हे ते जाणून होते. लंडनमधील गाँटचा सॅव्हॉय महाल त्यांनी भस्मसात केला. तेथील चांदीचे भांडे चोरू पाहणाऱ्या एका माणसाला बंडखोरांनीच आगीत फेकले, असे त्या काळच्या वृत्तांतात नमूद आहे. तो लिहिणारा पाद्री बंडखोरांचा मित्र नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उठाव दगाबाजीने चिरडला गेला आणि दिलेली मुक्तिपत्रे राजाने रद्द केली.

१३९९ मध्ये गाँट वारला. दुसऱ्या रिचर्डने ही मिळकत जप्त करताच गाँटचा मुलगा हेन्री परतला व त्याने गादीच बळकावली. इतरांच्या जमिनी जप्त करूनच उभारलेली ही इस्टेट त्याने राज्याच्या मालमत्तेपासून अलग ठेवली. गादी गेली तरी जमीन जाऊ नये!

ती आजही अलगच आहे. सुमारे १८,००० हेक्टरांच्या ‘डची ऑफ लँकेस्टर’चे वर्षाकाठी २ कोटी पौंडांहून अधिक निव्वळ उत्पन्न राजा तिसरा चार्ल्स याला मिळते. शिवाय जुन्या लँकॅशर परगण्यात कोणी वारस वा मृत्युपत्र न ठेवता मेला, तर त्याची पुंजी याच डचीकडे जाते. पूर्वी गोठ्यातले जनावर जात असे.