कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं

"नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण मी तीसेक वर्षं पोरांना शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. म्हणीबद्दल माझी तक्रार नाही. पण ती इतकी चपखल आहे की मूल जरा कुरकुरलं की आपल्या तोंडी आपोआप येते, आणि मग अंगणाकडे कुणी बघतच नाही. आज मला त्या अंगणाबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. आणि विषय आहे स्केट्सचा! हसू नका मंडळी. सत्तरी उलटलेल्या बाईने यात नाक का खुपसावं, ते पुढे कळेलच.

आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एक रीत आहे. मुलांचं काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. गणवेशाला खाली चांगली चार बोटं दुमड घालायची, पुढच्या जूनमध्ये ती उसवायची. स्वेटर असा घ्यायचा की बाह्या दुमडून तीन थंड्या निघाव्यात. यात वाईट काही नाही, आमचे संसार असेच झाले. पण हल्ली सोसायट्यांच्या आवारात संध्याकाळी चाकांचे स्केट्स घालून मुलं फिरत असतात, डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. त्यांचे बूटही याच रीतीने घेतलेले असतात. दोन नंबर मोठे, आत दोन-दोन मोजे, आणि वर नाड्या इतक्या आवळलेल्या की पायाला मुंग्या याव्यात. मग पोरगं पडतं. आणि बाकावर बसलेली आपण मंडळी म्हणतो, "लक्ष नाही त्याचं."

लक्ष असतं हो. पाय बुटात नसतो. मोठ्या बुटात टाच वर उचलली जाते. ती धरून ठेवायला मूल बोटं आत आखडतं आणि दहा मिनिटांत तळव्याच्या कमानीत गोळा येतो. घोट्याला आधार देणारा बुटाचा भाग घोट्याच्या जागी येतच नाही, म्हणून घोटा आत कलंडतो. हे बघून आपण निदान करतो, "हिचे घोटेच नाजूक आहेत." मग मालीश, मग दूध-हळद. बूट तोच!

माप घ्यायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना, मुलाला कागदावर उभं करावं आणि दोन्ही पावलांची लांबी-रुंदी आखून घ्यावी. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठा पाय धरायचा. बूट घातल्यावर बोटं पुढे अलगद टेकावीत आणि गुडघे वाकवले की जरा मागे यावीत. टाच मात्र जागची हलता कामा नये. नाड्या सोडून पाय पुढे सरकवला तर टाचेमागे जेमतेम पेन्सिल जावी. दोन बोटं गेली तर बूट मोठा. वाढत्या वयासाठी फार तर अर्धा नंबर सवलत, त्याहून जास्त नाही. मोजा एकच आणि पातळ. नाड्या बोटांपाशी सैलसर, घोट्यापाशी घट्ट, आणि वरच्या हुकांत पुन्हा थोड्या सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकू शकतो. इतकं केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या माणसाला अर्ध्या इंचाचं मोल सांगावं लागत नाही. कंबर अर्धा इंच चुकली तर गिऱ्हाईक परत येतं हे त्याला पक्कं माहीत असतं. मग पायाच्या बाबतीतच आपण असे उदार का होतो?

आता माझं नाक यात कसं आलं ते सांगते. माझी लेक कॅनडात, मिसिसागाला असते. नात नऊ वर्षांची. तिकडे हिवाळ्यात मुलं बर्फावर स्केटिंग शिकतात, जशी आपली मुलं पोहायला जातात तशी. हिने कॅनस्केटचे पहिले टप्पे पार केले म्हणून यंदा तिला नवे फिगर स्केट्स घेतले. पहिल्या आठवड्यात फोनवर नुसता आनंद होता. तिसऱ्या आठवड्यात गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आजी, माझा डावा पायच वाकडा आहे गं."

माप बरोबर होतं, टाच हलत नव्हती. तरी एका पायावर उभी राहिली की डावा स्केट हटकून आत वळायचा. सराव कमी, लक्ष कमी, असं सगळं सांगून झालं होतं. आणि नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून निष्कर्ष काढला होता की दोष आपल्या हाडातच आहे. शिक्षकाच्या कानाला हे वाक्य फार ओळखीचं. "मला गणित येतच नाही" म्हणणारं मूल हेच म्हणत असतं.

आपल्याकडे बर्फाची रिंक पाहिलेले थोडेच, म्हणून जरा समजावून सांगते. सिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बंदिस्त रिंक बांधली. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्येही एकेकाळी होती, शाळांच्या सहलींना गेलेल्या मुलांना ती आठवत असेल. आणि पुण्याची श्रुती कोतवाल बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये भारताकडून खेळली, हेही आपल्या मराठी घरांत माहीत असावं.

तर फिगर स्केट म्हणजे उंच घोट्याचा बूट आणि त्याच्या तळाला स्क्रूने बसवलेलं पोलादी पातं. पूर्वी पाती पट्ट्यांनी बुटाला बांधत. एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकाने ती बुटालाच पक्की केली, आणि उड्या-गिरक्यांना बळ आलं. हे पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. जाडी साधारण चार मिलिमीटर, आणि खालच्या बाजूने लांबीभर एक बारीक पन्हळ. त्यामुळे त्याला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. पुढे दाते असतात. अंगाचा सगळा भार या दोन कडांवर. वळायचं ते कडेवर, सरळ जायचं ते दोन्ही कडांवर सारखा भार देऊन.

चांगल्या प्रतीत बूट आणि पातं बऱ्याचदा वेगवेगळं घेतात आणि माणूस ते हाताने बसवतो. सर्वसाधारणपणे मागे टाचेच्या मध्यावर, पुढे अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधोमध येईल असं. पण प्रत्येकाचा पाय वेगळा. म्हणून पात्याच्या पट्टीला काही भोकं लांबट ठेवलेली असतात. जाणता कारागीर आधी त्यांतच थोडे स्क्रू लावून देतो, मुलाला काही दिवस खेळू देतो, लागेल तसं पातं सरकवतो, आणि मगच उरलेल्या भोकांत पक्के स्क्रू मारतो. हा मधला टप्पा घाईत गाळला, की अंगण वाकडं झालंच म्हणून समजा.

लेकीने स्केटचे फोटो पाठवले. ते मी आमच्या एका स्नेह्यांना दाखवले. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत त्यांची नोकरी फिटर म्हणून झाली. बर्फ त्यांनी फक्त सरबतात पाहिलेला! पण फोटो बघून म्हणाले, "बाई, मुलीचं राहू द्या. आधी ओळंबा बघा. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून फोटो काढायला सांगा." काढला. डाव्या बुटाचं पातं टाचेच्या मध्यावर नव्हतंच, बाहेरच्या अंगाला गेलं होतं. म्हणजे पोर उभी राहायची ती आधाराच्या आतल्या बाजूला, आणि पाय आत पडायचा. तिथल्या एका जाणकाराने पातं दोन-तीन मिलिमीटर आत सरकवलं आणि धारही तपासून दिली. त्या आठवड्यात पोरगी काही एकदम राजहंस झाली नाही. पण "पाय वाकडा आहे" हे वाक्य पुन्हा ऐकलं नाही.

ज्यांची नातवंडं तिकडे आहेत त्यांच्यासाठी तपासणीचा क्रम लिहून ठेवते. पहिली कसोटी बर्फच सांगतो. सरळ उभं राहून एका पायावर घसरायचं आणि मागे उमटलेली रेघ बघायची. ती सरळ हवी. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर शंका घ्यावी. या खेळाचं नावच मुळी बर्फावर काढायच्या आकृत्यांवरून पडलं. १९९० पर्यंत मोठ्या स्पर्धांत अशा आकृत्या गिरवून दाखवाव्या लागत आणि परीक्षक वाकून त्या रेघा तपासत. रेघ खोटं बोलत नाही.

पण रेघ वळली म्हणून लगेच स्क्रू सोडवू नयेत. आधी धार बघावी. स्केट उलटा धरून पात्यावर आडवं नाणं ठेवायचं. दोन्ही कडांवर टेकलेलं नाणं पात्याशी गुण्या लावल्यासारखं काटकोनात दिसलं पाहिजे. तिरकं दिसलं तर एक कड उंच आहे. मग दुसरी कड बर्फात नीट रुतत नाही आणि पाय घसरतो. हा दोष धार लावणाऱ्याने दुरुस्त करायचा, पातं सरकवून तो जात नाही. नव्या पात्यालाही बऱ्याचदा दुकानातून पहिली धार करून घ्यावी लागते.

धार ठीक असेल तर पात्याची जागा बघावी. तीही ठीक असेल तर मुलाला घरी अनवाणी उभं करून मागून घोटे बघावेत. लहान वयात तळवा सपाट दिसणं बहुधा स्वाभाविकच असतं. पण घोटा फारच आत जात असेल किंवा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि नवा बूट थोडा चावणारच. तो पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या पाळ्यांनी पायात मुरवावा. काही बूट खास यंत्रात गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात. ते दुकानातच करावं, घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग नकोत.

आपल्या चाकांच्या स्केट्सलाही हेच शास्त्र लागू आहे. चारचाकी स्केट काचेवर ठेवावा, चारही चाकं टेकली पाहिजेत. आसाजवळच्या रबरी गुटक्यांवरचे नट दोन्ही स्केट्सना सारखे आवळलेले हवेत. एका ओळीतल्या चाकांच्या स्केटमध्ये चाकं धरणारी पट्टी बुटाला मधोमध आहे का ते मागून बघावं. काहींत ती बोल्ट सैल करून बाजूला सरकवता येते. चाकं फक्त आतल्या बाजूने झिजत असतील तर पाय आत पडतोय हे समजावं, आणि त्याचं कारण शोधावं. हे सगळं करायला टॉर्च आणि पट्टी पुरते.

"दर वर्षी नवे बूट आणायला पैसे झाडाला लागतात का?" असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. नवे आणू नका. एकाच क्लासमध्ये वीस मुलं असतात. मोठ्याचे बूट धाकट्याला, असं माप जुळवून फिरवता येतं. पूर्वी आपण पाठ्यपुस्तकं फिरवत होतो की! फक्त जुना बूट घेताना घोट्यापाशी दाबून बघावा. तिथे तो मऊ पडून घड्या पडल्या असतील तर फुकट मिळाला तरी नको. नेमक्या मापाचा जुना बूट हा दोन नंबर मोठ्या नव्या बुटापेक्षा कधीही बरा.

उलट बाजूही मला ठाऊक आहे. प्रत्येक पडण्याचं खापर पात्यावर फोडायला मूल शिकलं तर तेही बिघडतं. सगळं तपासून झाल्यावर उरतो तो सरावच, आणि तो ज्याचा त्यानेच करायचा. पण क्रम महत्त्वाचा. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणाऱ्या मुलाला मी आधी पुढच्या बाकावर बसवत असे, मग आईवडिलांना डोळे तपासायला सांगत असे, आणि एवढं करूनही चुकलं तर मग कान. बहुतेकदा कानापर्यंत वेळ येत नसे. मोठ्या माणसाला बूट चावला तर तो दुकानदाराशी भांडतो. मुलाला मात्र आपणच चुकीचे आहोत असं वाटतं, आणि आपण गप्प बसलो तर ते तसंच वाटत राहतं.

म्हणून आधी नाड्या, मग माप, मग धार, मग पातं किंवा चाकं. मूल सगळ्यात शेवटी.