कोंड्याचा मांडा

काटकसरी संसाराची परीक्षा टंचाईच्या दिवसांत होते, असा सर्वसाधारण समज आहे. पण घरात काहीच नसले म्हणजे उधळ्या माणसालाही हात आखडावा लागतो. त्यात त्याचे कौतुक ते काय? खरी परीक्षा होते ती सुगीनंतर, हिवाळ्यात. बाजरी खळ्यावरून घरात आलेली असते, कणगी भरलेली असते, परसात वालपापडीचे वेल शेंगांनी लगडलेले असतात, भूकही चांगली लागते. अशा भरल्या घरात बसून पुढच्या सुगीपर्यंतचे दिवस जो मोजतो आणि त्या हिशेबाने आजचा घास ठरवतो, तोच खरा संसारी.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि तिच्यातून निघालेल्या कुकडी, मीना, घोड या नद्यांची खोरी असा हा मुलूख. हिवाळ्यात डोंगरावरची गार हवा रात्री या खोऱ्यांत उतरते आणि एखाद्या पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली जातो. येथील शेतकरी कुटुंबांनी असे हिवाळे पिढ्यान्‌पिढ्या कसे काढले, हे पाहिले म्हणजे काटकसर या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात येतो.

जुन्या घरातील चुलीचेच उदाहरण घ्या. चुलीला लागून वैल असे. त्याला स्वतःचे सरपण नसे. चुलीतील आच आतल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचे. चुलीवर भाकरी होत असता वैलावर कालवण शिजे. भाकऱ्या झाल्या की चुलीवर आंघोळीचे पाणी चढे. मागे उरलेल्या निखाऱ्यांत एखादे वांगे किंवा कांदा भाजून निघे. विझलेल्या निखाऱ्यांची राख भांडी घासण्यास उपयोगी पडे आणि कीड लागू नये म्हणून कडधान्यातही मिसळली जाई. एका मोळीतून इतकी कामे करून घेणाऱ्या गृहिणीने भौतिकशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसेल. पण उष्णता वाया कशी जाते आणि ती अडवावी कशी, हे तिला पक्के ठाऊक होते.

अन्नाचीही तीच गोष्ट. हुलगा हे हलक्या जमिनीत आणि बेताच्या पावसावर येणारे कडधान्य. त्याला फारसा कोणी मान देत नाही. परंतु त्याच हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचे वाटण घालून, त्याची वळी करून उकळत्या रश्श्यात सोडली म्हणजे शेंगोळे तयार होतात. थंडीच्या रात्री वाफाळलेल्या शेंगोळ्यांचे एक पातेले साऱ्या घराला पुरते. सकाळची भाकरी उरली तर दुसऱ्या दिवशी तिचा कुस्करा होतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, शेतात आणि परसात जे जे थोडे थोडे असेल ते सारे एकत्र करून भाजी शिजते आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती सणाचे अन्न म्हणून पानात येते. साध्या जिनसांतून सण उभा करण्याच्या या कलेला आपल्या भाषेने 'कोंड्याचा मांडा करणे' असे म्हटले आहे.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे गोधडी. नेसून नेसून विरलेली लुगडी, जुनी धोतरे, फाटलेले सदरे यांचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याने ते शिवून काढायचे. गोधडी उबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये आणि टाक्यांच्या मधल्या फुगीर भागांत हवा अडकून राहते. अडकलेली हवा ही उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे अंगची ऊब बाहेर जात नाही. वापरून मऊ झालेले कापड अंगालाही बोचत नाही. टाकाऊ चिंध्यांना अनेक दिवसांची मेहनत आणि थोडे डोके यांची जोड मिळाली की त्यांतून वर्षानुवर्षे टिकणारे पांघरूण तयार होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण सर्वांना पाठ असते. परंतु चिंध्या जोडून अंथरूणच वाढवणारे हे हात त्या म्हणीच्याही एक पाऊल पुढे गेलेले आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काटकसर म्हणजे केवळ पैसा न खर्चणे नव्हे. वस्तूचा गुण ओळखणे आणि तो पुरता वापरून घेणे, हे तिचे मर्म आहे. म्हणूनच कंजूषपणाशी तिची गल्लत करू नये. चमडी गेली तरी दमडी न सोडणारा माणूस दारी आलेल्या पाहुण्यासमोर गुळाचा खडा ठेवतानाही दहादा विचार करतो. काटकसरी गृहिणी वर्षभर एकेक मूठ राखते ती अडीअडचणीला, पाहुण्यारावळ्याला आणि शेजारच्या बाळंतिणीला द्यायला हाताशी काही असावे म्हणूनच. कंजुषाचे साठवणे त्याच्यापाशीच संपते; काटकसरी माणसाचे साठवणे दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

ही दृष्टी केवळ चुलीपुरती आहे असेही समजू नये. जुन्नर तालुक्यातील खोडद गावाजवळ दूरच्या आकाशस्थ ज्योतींकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी एक प्रचंड दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या अखंड धातूच्या पत्र्याच्या केल्या असत्या, तर त्यांचे वजन आणि त्यांच्यावर पडणारा वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी अवाढव्य सांगाडे उभारावे लागले असते आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी पोलादी तारेची बारीक जाळी वापरली. ज्या लहरी टिपायच्या, त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांच्या मानाने पुष्कळच मोठी असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती जाळी सलग आरशासारखीच ठरते. वारा मात्र तिच्यातून आरपार निघून जातो. जेथे जाळीने भागते तेथे पत्रा कशाला, हा विचार आणि जेथे निखाऱ्याने भागते तेथे नवे लाकूड कशाला, हा विचार, दोन्ही एकाच कुळातले. त्या साध्या विचारातून जगातील नामवंत दुर्बिणींपैकी एक दुर्बीण या खोऱ्यात उभी राहिली.

येथपर्यंत काटकसरीची स्तुती झाली. आता तिच्याविषयी एक अप्रिय प्रश्न विचारणे प्राप्त आहे. कोंड्याचा मांडा झाला खरा. पण तो मांडा कोणाच्या पानात पडला आणि कोंडा कोणाच्या वाट्याला आला?

आपल्याकडे कित्येक घरांत पुरुष आणि मुले आधी जेवतात व घरची बाई शेवटी बसते. कालवण कमी पडले तर तिला कमी पडते. शिळी भाकरी उरली तर ती तिची असते. दूध थोडे असेल तर ते मुलाला मिळते आणि मुलीला 'तुला आवडत नाहीच' असे सांगण्यात येते. पहाटेच्या थंडीत सर्वांआधी उठून चूल पेटवणारी तीच, डोळ्यांत धूर घेणारी तीच आणि रात्री गोधडीची सर्वांत विरलेली बाजू स्वतःकडे ओढून घेणारीही तीच. मग घरातील माणसे अभिमानाने सांगतात, 'आमच्या घरात काही वाया जात नाही.' ते खरेही असते. पण तेथे एक माणूस हळूहळू वाया जात असते, ते कोणाच्या हिशेबात येत नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. या रोगाची कारणे अनेक आहेत. तरी अपुरे आणि निकस अन्न हे त्यांतील एक मोठे कारण आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, ज्या काटकसरीचा भार घरातील एकाच व्यक्तीवर पडतो, तिला काटकसर हे नावच शोभत नाही. तो अन्याय होय. बचत करावयाची तर ती सर्वांनी मिळून करावी. भाकऱ्या थोड्या असतील तर सर्वांनी एकत्र बसून त्या वाटून घ्याव्यात. पहाटे उठण्याची पाळी मुलग्यांनाही असावी. गॅसची शेगडी घरात आली असता 'गॅस महाग आहे, तो पाहुण्यांपुरता ठेवा' असे म्हणून आईला धुरापुढे बसवणे, ही बचत तिच्या छातीच्या खर्चाने केलेली असते. वैलाची युक्ती आदराने आठवावी. पण धुराचा वारसा जतन करण्याचे काही कारण नाही.

याच न्यायाने आणखी एक भेद करावा लागतो. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबे राहतात. भाताची एकवेळची शेती, रानातला हिरडा आणि मजुरी यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. भातकापणी आटोपली की त्यांतील अनेकजण पूर्वेकडील बागायती गावांत कामासाठी उतरतात आणि हिवाळ्याच्या रात्री परक्या शिवारात काढतात. त्यांच्या तोकड्या पांघरुणाला साधी राहणी म्हणून गौरवणे ही क्रूर थट्टा होईल. काटकसर ही आपण होऊन स्वीकारण्याची गोष्ट आहे. लादली गेली की ती निव्वळ गरिबी असते. गरिबीला उपदेश नको असतो. तिला योग्य मजुरी, शाळा आणि दवाखाना हवा असतो.

कोणी म्हणेल, 'आता बाजारात स्वस्त चादरी मिळतात, घरोघर वीज आली. मग या जुन्या काटकसरीचे प्रयोजन काय?' त्याचे उत्तर याच खोऱ्यांतील पाण्यात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. डिंभे धरणाच्या जलाशयाखाली तर जुने आंबेगावच बुडाले. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते गाव पाण्याखाली गेले, तेव्हा हे पाणी साठले. ते कालव्यांवाटे पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतील कोरडवाहू तालुक्यांपर्यंत जाते. वरच्या शिवारात ज्याने रात्री मोटार चालू ठेवून पाणी वाहू दिले, त्याने ते पाणी स्वतःचे नव्हे, खालच्या कोणाचे तरी सांडले. वस्तू स्वस्त झाली म्हणून ती अमर्याद होत नाही. तिच्यासाठी कोणीतरी मोल दिलेले असते. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांच्या दानाची नोंद आहे. तेथे टाक्यासाठी 'पोढी' हा शब्द आला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी पावसाचे पाणी खडकात साठवले, तेही दुसऱ्याची तहान भागावी म्हणून.

विद्यार्थ्यांनो, साधेपणाने राहण्याचा उपदेश तुम्हांला पुष्कळ ठिकाणी मिळेल, आणि तो योग्यच आहे. पानात अन्न टाकू नका, नळ वाहता ठेवू नका, वही शेवटच्या पानापर्यंत वापरा. परंतु एवढ्यावर थांबू नका. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा स्वयंपाक करणारी व्यक्ती आपल्याबरोबर बसली आहे की नाही, हे पाहा. तिच्या वाटीत कालवण किती उरले आहे, हेही पाहा. ते कमी दिसले तर आपल्या वाटीतले थोडे तिच्या वाटीत वाढा. घरातील काटकसर खरी आहे की नाही, हे ओळखण्याची खूण तेथेच सापडेल.